बनगरवाडीचं नाटक बघायला आप्पांना नेऊ का?

माणदेशाची लेक
पुढच्या शनिवारी रात्री सांगलीत भावे नाट्यमंदिरात बनगरवाडीचा प्रयोग आहे, इथल्याच एका हौशी ग्रुपनं व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीचं नाटक बसवलंय. सात तिकिटं काढून ठेवलीत. आम्ही दोघं, दोन मुलं, जाऊबाई, त्यांची मुलगी आणि माझे वडील. प्रश्न वडिलांचाच आहे म्हणून इथे विचारतेय.

आप्पा ७६ वर्षांचे. आटपाडी तालुक्यातल्या वाडीत राहतात, शाळा चौथीपर्यंत, पुढं सगळा जन्म मेंढरांमागं. आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, भावानं डाळिंब लावलंय, मेंढरं पाच-सहाच उरलीत पण तेवढी आप्पा विकू देत नाहीत. त्यांनी रात्र रात्र धनगरी ओव्या ऐकल्यात, जत्रेतला तमाशा बघितलाय, पण थेटरात खुर्चीवर बसून नाटक कधी बघितलेलं नाही.

माझी भीती वेगळीच आहे. दोन वर्षांपूर्वी मी एक गावाकडचं नाटक बघायला गेले होते. त्यात एक म्हातारा सांगत होता की बैल मेला, आता पेरणी कशानं करू, आणि तो "आरं माज्या कर्मा" म्हणाला की लोक हसायचे. दुःखाचं वाक्य होतं हो ते! पण बोली ऐकली की हसायचं असं जणू ठरलेलंच. मी तशीच बोलत लहानाची मोठी झाले, मला खुर्चीत बसवेना. आप्पा शेजारी असताना असं झालं तर? ते काही बोलणार नाहीत, पण त्यांना कळेल.

दुसरा प्रश्न छोटा आहे. मुलगा नववीत आहे, त्याला आधी कादंबरी वाचायला लावू की आधी नाटक दाखवू?

हरिपूरकर
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण त्यात मला जराही शंका नाही. आधी कादंबरी. १९५५ ची आहे, छोटीशी आहे, नववीतलं पोरगं दोन बैठकीत संपवेल. बनगरवाडी ही 'मी'ची कादंबरी आहे. कोवळा मास्तर त्या वाडीत येतो, तो जेवढं बघतो तेवढंच आपल्याला दिसतं, आणि तो स्वतः जवळजवळ दिसतच नाही. स्टेजवर काय होणार, तो मास्तर सतत आपल्यासमोर उभा राहणार. मग आपण वाडीकडं बघायचं सोडून त्याच्याकडं बघत बसतो. माझं स्पष्ट मत आहे की काही पुस्तकं पुस्तकंच राहू द्यावीत.

तिसरी घंटा
हरिपूरकर काका, तुमच्या गावच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ऑथेल्लोचं झुंजारराव नाटक केलं तेव्हा कुणी म्हणालं का की राहू दे ते इंग्रजीतच? :) ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी रामायणातली गोष्ट उचलून सीतास्वयंवर उभं केलं त्या गावात बसून आपण रूपांतर नको म्हणायचं हे मला पटत नाही.

आणि श्री. ना. पेंडशांनी स्वतःच स्वतःच्या कादंबऱ्यांची नाटकं केलीच की. गारंबीचा बापू घ्या, काशिनाथ घाणेकरांचा बापू बघितलेले लोक अजून त्याबद्दल बोलताना खुर्चीत सरसावून बसतात. कादंबरी तिच्या जागी आहेच, ती कुठं गेली नाही.

मुलाला आधी नाटक दाखवा. आधी पुस्तक दिलंत तर तो नाटकभर चुका शोधत बसेल.

चिंचेचा पार
मला एकच कळत नाही, मेंढरं कशी दाखवणार??

कृष्णाकाठची
@चिंचेचा पार, खरी आणली तर पहिल्या रांगेतल्यांच्या हातातलं भडंग संपलंच म्हणून समजा 😂

विंगेतली
ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नावर मला नीट लिहायचंय कारण मी चौदा-पंधरा वर्षं हौशी नाटकांत बॅकस्टेज करतेय आणि तुम्ही सांगितलेला हशा मी विंगेतून इतक्या वेळा ऐकलाय की आता तो येणार हे नटाच्या पाठीकडं बघूनच कळतं.

दोष प्रेक्षकांचा कमी आणि नटाचा जास्त असतो. बोलीतलं वाक्य आलं की नट शेवटचा शब्द वर उचलतो, मान वाकडी करतो आणि मग क्षणभर थांबतो. ते थांबणं म्हणजे हसा असं आमंत्रण असतं. लोक बिचारे आमंत्रण स्वीकारतात. तेच वाक्य नटानं काहीतरी काम करता करता म्हटलं, म्हणजे दावं वळताना किंवा चिलीम भरताना, प्रेक्षकाकडं न बघता, तर कुणी हसत नाही. आमच्या एका दिग्दर्शकांनी तालमीत सगळ्यांच्या हातात काम दिलं होतं, कुणाला सुतळी, कुणाला शेंगा फोडायला. पंधरा दिवसांत सगळ्यांची बोली जमिनीवर आली.

तेव्हा नाटक कसं बसवलंय त्यावर आहे. पण घेऊन जा. तुम्ही शेजारी असणार आहात ना.

विट्याचा अण्णा
विंगेतली यांनी लाखमोलाचं लिहिलंय. मी त्यात एवढीच भर घालतो की मुळात ती बोली बहुतेक वेळा कुठल्याच गावची नसते. सिनेमा-नाटकात एक तयार 'ग्रामीण' मिळतं, त्यात थोडं कोल्हापूर, थोडं पुणे जिल्हा, उरलेलं मनाचं. आमचं माणदेशी असं नाहीच. माणदेशी माणूस मुळात कमी बोलतो, दोन शब्द बोलून थांबतो, समोरच्यानं समजून घ्यायचं. माडगूळकरांचं लिखाण तसंच आहे बघा, वाक्य छोटं आणि त्याच्यानंतर मोकळं रान. ते स्वतः माडगुळ्याचे, मोठे भाऊ गदिमा, त्यांचा जन्म शेटफळ्याचा, दोन्ही गावं आटपाडी तालुक्यातलीच. आमच्याकडं लोक लेंगरेवाडी दाखवतात आणि सांगतात हीच ती बनगरवाडी.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो, आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. कादंबरीत पोरं-माणसं तालीम बांधतात आणि राजा येतो, ते वाचताना मला कायम औंधचे पंतप्रतिनिधी दिसतात, सूर्यनमस्काराचा प्रचार करणारे, स्वतः चित्रं काढणारे. आणि आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, ती कैद्यांची खुली वसाहत, ती त्याच संस्थानात १९३९ ला सुरू झाली, 'दो आँखें बारह हाथ' तिच्यावरून आला आणि त्याची कथा गदिमांची. एवढ्याशा कोरड्या तालुक्यातून किती निघालंय बघा.

मिरजेची माई
अण्णा, स्वतंत्रपूरवर वेगळा धागा काढा, वाचायला येईन.

मूळ प्रश्नाकडं येते. माझा अनुभव अभिवाचनाचा आहे. गोनीदांच्या, म्हणजे गो. नी. दांडेकरांच्या, कादंबऱ्यांचं वाचन त्यांच्या घरचेच करायचे, वीणा देव, विजय देव, मृणाल कुलकर्णी. समोर फक्त माणसं बसून वाचतायत, ना नेपथ्य ना वेशभूषा. शितू कादंबरीच्या वेळी माझ्या शेजारच्या आजी पदरानं डोळे पुसत होत्या. तेव्हापासून मला वाटतं की कादंबरीला स्टेजवर आणायचा हाच मार्ग खरा, शब्द जसेच्या तसे राहतात. हरिपूरकरांचा 'मी' पण राहतो.

तिसरी घंटा
माई, अभिवाचन सुंदरच, पण मग नटाच्या शरीराचं काय? विश्वास पाटलांच्या पानिपत कादंबरीचं वामन केंद्रेंनी रणांगण नाटक केलं, ते नुसतं वाचून दाखवलं असतं तर ती लढाई अंगावर आली असती का?

हरिपूरकर
लढाई अंगावर येते हो. दुष्काळ अंगावर कसा आणणार? बनगरवाडीत शेवटी काहीच घडत नाही. पाऊस येत नाही, एवढंच घडतं. मेंढरं मरतात, माणसं एकेक करून जातात, वाडी रिकामी होते. न घडणं स्टेजवर दाखवता येतं का, हा माझा खरा प्रश्न आहे, आणि मी तो भांडणासाठी विचारत नाहीये. मला हे पुस्तक फार जवळचं आहे. माझी पहिली नोकरी शिक्षकाची, जत तालुक्यात, एकशिक्षकी शाळा. रात्री कंदिलाच्या उजेडात मी हेच पुस्तक वाचायचो. म्हणून जीव तुटतो.

कृष्णाकाठची
काका, मग तुम्हीच या शनिवारी. आम्ही पण जाणार आहोत. इंटरव्हलला चहा माझ्याकडून.

पलूसचा पाहुणा
१९९५ चा अमोल पालेकरांचा सिनेमा आहे की, तो दाखवा आप्पांना घरी बसून, एवढी यातायात कशाला.

माणदेशाची लेक
@पलूसचा पाहुणा, सिनेमा टीव्हीवर लागला होता तेव्हा दाखवला होता. आप्पा अर्ध्यातून उठून मेंढरांना पाणी पाजायला गेले. टीव्ही त्यांना कायम कुणाचा तरी दुसऱ्याचा वाटतो. समोर जिवंत माणसं असली की उठत नाहीत, ओव्यांना सकाळपर्यंत बसतात.

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. विंगेतली, तुमचं उत्तर नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. ठरलं, नेतेय. मुलाला पुस्तक आधी दिलं नाही. हरिपूरकर काका रागावू नका.

चिंचेचा पार
मेंढरांचं काय झालं ते येऊन सांगा नक्की.

माणदेशाची लेक
काल बघितलं. झोप लागली नाही म्हणून पहाटेच लिहायला बसलेय, मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

आप्पा दुपारच्या एसटीनं आले, विटा, तासगाव करत. धोतर, नवा पटका, आणि हातात काठी. दारावरचा मुलगा म्हणाला काठी बाहेर ठेवा आजोबा, तर मी काही बोलायच्या आत मागचे एक गृहस्थ म्हणाले, असू दे रे, वयस्कर माणूस आहे. ते गृहस्थ म्हणजे आपले हरिपूरकर काका निघाले! इंटरव्हलला ओळख पटली.

सुरुवातीला जे व्हायचं तेच झालं. मास्तर वाडीत येतो, लोक त्याला बघायला जमतात, आणि पहिल्या दोन-तीन वाक्यांना मागून हशा आला. मी आप्पांकडं बघितलं. ते पुढं वाकून बघत होते, दोन्ही हात काठीवर. मला वाटलं उठतात आता. पण विंगेतली, तुम्ही म्हणालात तसंच होतं. नट थांबतच नव्हते. कारभाऱ्याचं काम करणारे गृहस्थ सूत कातत कातत बोलत होते, चाती फिरतेय, नजर लोकरीवर, आणि बोलणं चाललंय. हशा दोन वेळा आला, तिसऱ्यांदा अर्धवट आला, मग बंद झाला. चोळीवरून कारभारी मास्तरवर रुसतो तिथं तर सगळं थेटर गप्प होतं.

मग शेकूची बायको. एकच बैल उरलाय आणि ती दुसऱ्या बाजूला स्वतः जू खांद्यावर घेते. बैल दाखवला नव्हता. जुवाचं एक टोक तिच्या खांद्यावर आणि दुसरं टोक अंधारात, ते कुणीतरी धरलेलं असणार, दिसत नव्हतं. ती मुलगी स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आणि वळली, परत चालली. संवाद नाही. फक्त तिचा श्वास आणि पायाखालचा आवाज. दोन फेऱ्यांनंतर मला वाटलं आता ब्लॅकआउट होईल, झाला नाही. ती तिसऱ्यांदा वळली. माझ्या जाऊबाईंनी माझा हात धरला. आप्पा हळूच म्हणाले, "आपल्या आईनं वढलंय." मला हे माहीत नव्हतं. ५२ वर्षांची आहे मी आणि माझ्या आजीनं औत ओढलं होतं हे मला काल भावे नाट्यमंदिरात कळलं.

हरिपूरकर काका, तुमच्या दुष्काळाचं त्यांनी असं केलं होतं. पहिल्या प्रवेशापासून स्टेजवर वस्तू होत्या, घोंगडी, काठ्या, घागरी, चुलीचे दगड. शेवटी एकेक जण येतो, आपली वस्तू उचलतो आणि प्रेक्षकांमधून चालत बाहेर जातो. बोलत कुणीच नाही. शेवटी मास्तर एकटा, आणि नुसती फळ्यांची जमीन. आप्पांच्या अगदी जवळून एक बाई घागर घेऊन गेली तर त्यांनी पाय आत घेतले, तिला वाट दिली. नंतर म्हणाले, बहात्तर साली अशीच गेली व्हती वाडी.

मेंढरं: एकही नव्हतं. फक्त आवाज, तोही थेटरच्या मागून. कळप मागून येतोय असं वाटायचं आणि सगळे माना वळवून बघायचे. आणि इथं आप्पांनी पहिल्यांदा मोठ्यानं तोंड उघडलं. सकाळचा प्रवेश होता, मेंढरं रानाला निघतात तो. आप्पा म्हणाले, "ही सांजची हायेत." पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागं वळून बघितलं. मी गप्प बसवलं. नंतर रस्त्यात त्यांनी समजावलं. दिवसभर मेंढ्या रानात आणि कोकरं वाड्यावर, म्हणजे कळप बसवायच्या जागी असतात. सांजच्याला कळप परत आला की कोकरं आईला हुडकतात आणि आया कोकरांना, प्रत्येक आई आपल्याच कोकराला ओळखते, तेव्हाचा कालवा वेगळा. सकाळी निघताना निराळं वरडतात. मी त्याच घरात वाढले, मला फरक कळला नव्हता.

प्रयोग संपल्यावर आप्पा म्हणाले आत जायचं. मी म्हटलं आप्पा, तिथं गर्दी असते. तर ते निघालेच काठी टेकत. कारभाऱ्याचं काम केलेल्या गृहस्थांपुढं जाऊन उभे राहिले. मला वाटलं चूक काढणार, आणि काढलीच! पावसाच्या प्रवेशात त्यांनी घोंगडं नुसतं डोक्यावरून घेतलं होतं. आप्पांनी ते हातात घेतलं, दोन टोकं जुळवली, कोपरा आत दुमडला, आणि त्यांच्या डोक्यावर खोळ बसवून दिली, जशी लहानपणी माझ्या डोक्यावर बसवायचे, म्हणजे टोपरं घट्ट बसतं आणि पाणी पाठीवरून गळून जातं. ते गृहस्थ मेकअप अर्धा पुसलेल्या चेहऱ्यानं खोळ घेऊन तसेच उभे होते. मग वाकून आप्पांच्या पाया पडले. दोघंही काही बोलले नाहीत.

विंगेतली
वाचताना रडले. बाकी उद्या लिहीन.

हरिपूरकर
मी तिथे होतो त्यामुळं साक्ष देतो की यातला शब्दन् शब्द खरा आहे. माझं मत काही अंशी बदललं. मास्तरबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे, तो नट फार सुंदर दिसतो आणि फार वेळ उजेडात असतो, त्याच्यावरचा लाईट अर्धा करायला हवा. पण वाडी रिकामी होते तो प्रवेश पुस्तकाच्या तोडीचा होता. मी इतकी वर्षं ती पानं वाचली आणि वस्तूंचा विचार कधी केला नव्हता. जाणारा माणूस घागर कशी उचलतो, काठी कशी उचलतो. माझ्या त्या शाळेतली चार घरं अशीच ऊसतोडीला गेली होती, सकाळी गेलो तर चार पोरं कमी. हजेरी घेताना त्यांची नावं मी तीन दिवस घेत होतो.

ताई, तुमच्या वडिलांशी पाच मिनिटं बोललो ते माझ्यासाठी नाटकाइतकंच मोलाचं होतं.

मिरजेची माई
जुवाचं दुसरं टोक अंधारात, हे अभिवाचनात होणार नाही. मान्य करते.

आवाजवाला
नमस्कार, इथे आजच सदस्य झालो, मित्रानं लिंक पाठवली. त्या प्रयोगाला ध्वनी मीच दिला होता. आजोबा शंभर टक्के बरोबर आहेत. मी खरसुंडीकडच्या एका वाड्यावर जाऊन मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं होतं आणि ते संध्याकाळी सहाच्या सुमारास केलं होतं. सकाळी पोचायला गाडी नव्हती. मला वाटलं मेंढरांचा आवाज म्हणजे मेंढरांचा आवाज, कुणाला कळणार आहे. सभागृहात एका माणसाला कळलं आणि तो माणूस नेमका तिथे बसला होता याचा मला आनंद आहे, खरंच. पुढच्या प्रयोगाआधी सकाळचं रेकॉर्ड करायचंय. ताई, आजोबांच्या वाड्यावर आलो तर चालेल का? त्यांची पाच-सहा मेंढरं पुरतील, मी ती थर लावून वाढवतो.

चिंचेचा पार
मेंढरांचा माझा प्रश्न एवढा मोठा ठरेल असं वाटलं नव्हतं 🙏

विट्याचा अण्णा
आवाजवाले भाऊ, पहाटे साडेपाचला तिथं असायला हवं. आदल्या दिवशी माझ्याकडं विट्याला मुक्कामाला या, मी गाडीनं सोडतो.

तिसरी घंटा
आणि मुलाचं काय झालं ताई? वाचतोय का पुस्तक?

माणदेशाची लेक
वाचतोय. पण शेवटाकडून. वाडी रिकामी होते ते पान आधी काढलं, मग मागं मागं येतोय, का म्हणून विचारलं तर म्हणतो सगळ्यांना परत आणतोय. काल रात्री त्यानं दोन पानं आप्पांना फोनवर वाचून दाखवली. आप्पांनी मधेच थांबवून विचारलं, हे लिहिणारा माडगुळ्याचा कोण, कुणाच्या घरचा. मग गावातल्या चार घरांची नावं घेत बसले.

@आवाजवाला, आप्पांना विचारलं, या म्हणालेत. पण त्यांचा एक निरोप पण आहे आणि तो तुमच्या कारभाऱ्यांना द्यायचाय. तुमचं घोंगडं गिरणीतलं आहे म्हणे, मऊ आहे, त्याची खोळ टिकत नाही, डोक्यावरून घसरते. हातमागावरचं चिंचोक्याची खळ दिलेलं लागतं, ते ताठ राहतं. घरात एक जुनं आहे, एका कोपऱ्याला कसर लागलीय पण बाकी चांगलं आहे. ते त्यांनी आज सकाळी आटपाडीच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटमागं ठेवायला दिलंय. चारच्या सुमारास गाडी पोचेल, मी स्टँडवर जाऊन घेते. तुमच्यापैकी कुणीतरी संध्याकाळी विश्रामबागेतून घेऊन जा, पत्ता मेसेज करते.